पंचावन्नची बेल एअर बघायला जाताना

इंजिन जाम आहे म्हणून सौदा सोडू नका, आणि एका सेल्फला चालू झालं म्हणून लगेच इसार देऊ नका. माझं इंजिन बोअरिंगचं शॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे, इंजिनावरच माझं पोट चालतं, तरी हेच सांगतो. १९५५ च्या शेवरोले बेल एअर या अमेरिकन गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, साधं ओतीव लोखंड. सिलिंडर घासलेत? बोअर करू, आत स्लीव्ह म्हणजे नवी नळी घालू. क्रँक ग्राइंड करू. ही कामं आमच्याकडं रोजची आहेत. पत्रा गेला असेल तर मात्र चांगल्या चांगल्या डेंटरला घाम फुटतो. म्हणून आधी पत्रा.

मी बोलतोय ते दोन दारी हार्डटॉप बेल एअरबद्दल. हार्डटॉप म्हणजे छत पक्क्या पत्र्याचं, पण दोन काचांच्या मधला खांब नाही. सगळ्या काचा खाली केल्या की बाजू पुढून मागपर्यंत सलग मोकळी. या गाडीचं सगळं देखणेपण त्या मोकळ्या रेषेत आहे आणि दुखणंही तिथंच. मधला खांब नसल्यानं ताण दाराखालच्या पट्टीवर आणि फ्लोअरवर येतो. ती पट्टी आतून कुजली की बॉडी मधोमध बसते. ओळखायची पद्धत सोपी आहे. दार बंद करून दाराची मागची फट वर आणि खाली बोटानं चाचपा. मग मागच्या चाकाच्या पुढं चेसीखाली जॅक लावा, चाक उचला आणि तीच फट परत बघा. फट वर-खाली बदलली किंवा दार लागेनासं झालं, तर रंग कितीही चकचकीत असो, खालचा पत्रा मेलाय. मालक जॅक लावू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

मग लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवा. हेडलाइटच्या वरची भुवई, पुढच्या मडगार्डचा दाराकडचा खालचा कोपरा, मागच्या चाकामागची बाजू, डिकीचा तळ. चुंबक सुटलं की आत पुट्टी.

गाडी आपल्या भागातली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी तेव्हा कुठं उभी होती ते विचारा, पण उत्तरावर थांबू नका. सीट काढून स्प्रिंगा बघा, दाराचं आतलं कार्ड काढा, चेसीच्या भोकात बोट घाला. धूळ भुरभुरीत असते, पुराचा गाळ मात्र वाळून पापडीसारखा निघतो.

आता गाडी खरंच तीच आहे का? बॉनेट उघडलं की फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडी कंपनीची पट्टी असते. बेल एअर हार्डटॉपला त्यावर ५५-१०३७डी असतं. १०११ दिसलं तर ती मधला खांब असलेली दोन दारी सेडान. अमेरिकेत बनलेल्या गाडीचा नंबर डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असतो. सुरुवात व्हीसी५५ असेल तर व्ही-८ बेल एअर, नुसतं सी५५ असेल तर सहा सिलिंडरची. व्हीबी५५ असेल तर ती टू-टेन, म्हणजे शेवरोलेचंच खालचं मॉडेल, वरून बेल एअरच्या पट्ट्या लावलेली. पेट्रोलचं झाकणही बघा. पंचावन्नला ते डाव्या मडगार्डवर उघड दिसतं, छप्पन्नला डाव्या टेललाइटमागं लपवलंय.

इंजिन २६५ घन इंचांचं, म्हणजे ४.३ लिटर, साध्या कार्बोरेटरवर १६२ हॉर्सपॉवर. पंचावन्नच्या या ब्लॉकला ऑइल फिल्टर बसायची जागाच नाही. फिल्टर असला तर वरून वेगळा जोडलेला. ब्लॉकच्या मागं, क्लच हाउसिंगशेजारी फिल्टरची बैठक दिसली तर तो ब्लॉक नंतरच्या सालाचा. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर ते कितीही गोड चालू दे, मला अशी गाडी बघवत नाही. त्यापेक्षा मूळचं जाम इंजिन शंभर पटीनं बरं.

चालवून बघायला वाघबीळवरून पन्हाळ्याला न्या. चढताना टेंपरेचरचा काटा बघा. उतरताना गाडी लहान गिअरात ठेवा, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. पाइप, होज, व्हील सिलिंडर तपासल्याशिवाय घाटात जाऊच नका.

क्रोमचा बंपर परत प्लेटिंग होतो. गाडीवरचे जस्ताच्या ओतकामाचे शोभेचे भाग आतून फुगले असतील तर सहसा होत नाहीत, ते अमेरिकेतून मागवावे लागतात. मिळतात मात्र. त्या साली नुसत्या बेल एअर हार्डटॉपच १ लाख ८५ हजारांवर बनल्या, त्यामुळं तिकडं आजही नवे पार्ट निघतात. दाराची काच आणि तिची चौकट जपून तपासा, सेडानची इथं बसत नाही.

कागद शेवटी बघायचे, पण ढिलाईनं नाही. आरसीवरचा चेसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. चेसी, बॉडी, इंजिन मूळचं असावं लागतं, रोजच्या वापराला परवानगी नसते. डिझेलवाली गाडी इथंच अडकते. स्टिअरिंग डावीकडं असेल तर इशाऱ्याची यंत्रणा चालू हवी, नाहीतर रस्त्यावर आणता येत नाही.

सौदा झाला की गाडी ट्रेलरवर घालून आणा. टाकी उतरवून धुवा, सगळे जुने रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. ते झालं की मगच सेल्फ मारा.