कॉकाटील का चावतो आणि त्याची सवय कशी मोडायची

कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट, सहसा सांगून चावतो. तुरा मागे डोक्याला चिकटला, मान पुढे काढून तो फुसफुसला किंवा चोच उघडून अंग चोरलं, की हात तिथल्या तिथे थांबवा. तुरा ताठ आणि पिसं अंगाला घट्ट असतील तर तो दचकलेला आहे. तुरा सैल, अर्धवट खाली असेल तेव्हाच पुढे व्हा. या सूचना रोज डावलल्या गेल्या, की पक्षी त्या देणं सोडतो आणि थेट चावतो.

बोटावर चढताना तो आधी चोचीने बोट धरून बघतो. फांदी आपलं वजन पेलेल का, याची ती चाचपणी असते. त्या क्षणी आपण हात झटकला तर त्याचा हातावरचा भरवसा जातो, आणि पुढच्या वेळी तो जोरात धरतो. चावरेपणाची सुरुवात बरेचदा इथे होते.

बाकी कारणं: वरून आलेला हात (शिकारी पक्षी वरूनच झडप घालतात), अपुरी झोप, पिसं झडून नवी येतानाची दुखरी त्वचा आणि विणीच्या काळातली राखणदारी. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवीच; टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही. सोफ्याखालची जागा, खोकी, मडकी त्याला घरटं वाटतात, ती बंद करा. पाठीवरून हात फिरवू नका, त्याने विणीची ओढ वाढते. डोकं आणि मान खाजवली तरी पुरे.

शिकवण्यासाठी राळ्याचं कणीस घ्या. एरवी ते पिंजऱ्यात ठेवू नका. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. आधी जाळीतून द्या, मग उघड्या दारातून, मग तळहातावर. तो स्वतःहून पुढे येऊ लागला तरच पुढची पायरी; मागे सरकला तर आधीच्या पायरीवर या. शेवटी बोट पायांच्या किंचित वर, पोटाला हलकेच टेकवा आणि ‘ये’ म्हणा. चढला की लगेच दाणे. बजरीगरलाही, म्हणजे दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात त्यालाही, हीच पद्धत चालते. देशी हिरवा पोपट मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरात पाळताच येत नाही.

चावलाच तर ओरडू नका, चोचीवर टिचकी मारू नका, फुंकर घालू नका. हात सावकाश टेबलाजवळ नेऊन त्याला उतरू द्या आणि अर्धा मिनिट पाठ फिरवा. दर वेळी पिंजऱ्यात टाकलंत, तर चावलं की घरी जाता येतं हे तो शिकतो. जाड हातमोजे टाळा, त्यांनी भीती वाढते. औषधासाठी धरावंच लागलं तर पातळ टॉवेलात धरा, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं नाही तर श्वासच घेता येत नाही.

माणसाळलेला पक्षी एकाएकी चावू लागला, तर आधी आजाराची शंका घ्या. फुगून बसणं, दिवसा पेंगणं, बदललेली विष्ठा, श्वासाबरोबर हलणारी शेपटी बघा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. प्रौढ कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. त्याच्या नेहमीच्या वजनात १० टक्के घट दिसली तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.