जोन ऑफ आर्कवरचा चित्रपट कसा पारखावा

जोन म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध फ्रेंच फौजेबरोबर उतरलेली, संतांचे आवाज ऐकू येतात असे सांगणारी खेडवळ मुलगी. तिला पकडून पाखंडाचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाण्याचा, खटला चालवला आणि जाळले. चित्रपट लावण्याआधी एक संध्याकाळ त्या खटल्याच्या नोंदींना द्या. इंग्रजी भाषांतरे मिळतात. सगळे वाचायची गरज नाही. 21 फेब्रुवारी ते 3 मार्च 1431 या दिवसांत इंग्रजांच्या ताब्यातल्या रुआँ शहराच्या किल्ल्यात झालेल्या सहा जाहीर बैठका, आणि त्यानंतरचे 24 व 28 मे हे दोन दिवस, एवढे पुरते.

हा खटाटोप अशासाठी की अशी सोय फार थोड्या जणींच्या बाबतीत आहे. मुक्ताबाई किंवा जनाबाईवर चित्रपट काढणाऱ्यापुढे अभंग असतात आणि आख्यायिका. त्या रोजच्या बोलण्यात काय म्हणाल्या, हे कुणा कारकुनाने टिपून ठेवलेले नाही. जोनचे बोलणे मात्र टिपले गेले, तेही तिला दोषी ठरवायला बसलेल्यांच्या दरबारी. त्यामुळे पटकथेने काय उचलले, काय गाळले आणि काय पदरचे घातले, हे ओळीओळीने ताडून पाहता येते.

पहिल्यांदा हातात कागद न घेता, न थांबता पाहा. नाहीतर चुका मोजण्याचा नाद लागतो आणि चित्रपट बाजूलाच राहतो. दुसऱ्या खेपेला तीन रकाने आखा: नोंदीत आहे, नोंदीत नाही पण खपते, नोंदीच्या उलट. प्रत्येक प्रसंगाचे मिनिट लिहा. तिसरा रकाना महत्त्वाचा. आपण दहापैकी गुण द्यायचे ठरवले, तर चार न्यायालयाला, दोन विरोधकांना, दोन आवाजांना आणि उरलेले दोन लढाया, कपडे, नेपथ्य वगैरेंना. बहुतेक प्रेक्षक नेमके उलट करतात.

न्यायालयात आधी तिची उत्तरे ऐका. 24 फेब्रुवारीला तिला विचारले, तू ईश्वरी कृपेत आहेस का? हो म्हटले तर घमेंड, कारण ते कुणालाच खात्रीने सांगता येत नाही अशी चर्चची शिकवण. नाही म्हटले तर पापाची कबुली. ती म्हणाली, नसेन तर देवाने मला तिथे न्यावे, असेन तर तिथेच ठेवावे. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चित्रपटात येते. प्रश्न असा की सापळा प्रेक्षकाला आधी दिसतो का. तो न दाखवता नुसते व्हायोलिन वाजवून वाक्य म्हणवले, तर ते सुविचार होऊन बसते. दुसरी खूण म्हणजे तिचा फटकळपणा. तिला दिसलेला सेंट मायकेल उघडा होता का, या प्रश्नावर तिने उलट विचारले की देवाकडे त्याला घालायला कपडे नाहीत असे वाटते का. सेंट मार्गारेट इंग्रजी बोलते का? ती इंग्रजांच्या बाजूची नाही, तर इंग्रजी कशाला बोलेल! हे गाळून नुसते डबडबलेले डोळे दाखवणारा दिग्दर्शक जोनला नव्हे, चर्चमधल्या मूर्तीला समोर ठेवून काम करतो आहे.

कार्ल ड्रायरने 1928 च्या मूकपटात महिनोन्‌महिने चाललेला खटला एका दिवसात बसवला. ही मोडतोड दुसऱ्या रकान्यात जाते, कारण प्रश्नोत्तरांचा गाभा नोंदींचाच आहे. रोबेर ब्रेसाँचा 1962 चा चित्रपट तर जवळपास सगळाच त्या शब्दांवर उभा आहे.

मग आरोप बघा. ‘चेटकीण म्हणून जाळली’ असे संवाद आले की थांबा. चेटकाचे आरोप सुरुवातीच्या कलमांत होते, पण शेवटी ती जाळली गेली ती पुन्हा पाखंडाकडे वळलेली म्हणून. हे नीट कळण्यासाठी 24 मे चा प्रसंग लागतो, आणि चित्रपट सर्वाधिक घसरतात ते इथेच. सेंत-उआँच्या दफनभूमीत तिने आपले म्हणणे मागे घेत असल्याच्या कागदावर खूण केली. तो कागद सहा-सात ओळींचा होता असे पुढे साक्षीदारांनी सांगितले. खटल्याच्या दप्तरातला मजकूर मात्र बराच लांब आहे. चार दिवसांनी ती पुन्हा पुरुषी वेशात सापडली आणि आवाज परत आल्याचे म्हणाली. कारकुनाने समासात लिहिले: प्राणघातक उत्तर. मधले चार दिवस चित्रपटाने कसे भरले, ते पाहा. खटला धर्माचा, तरी तिला चर्चच्या कैदेत बायकांच्या पहाऱ्यात न ठेवता इंग्रज शिपायांच्या हवाली केले होते. अंगरख्याला नाड्यांनी घट्ट बांधलेली तुमान तिथे संरक्षण होती. वेशाचा प्रश्न निव्वळ हट्टाचा किंवा निव्वळ बंडाचा दाखवला, तर गुण कापा.

विरोधकांत खटला चालवणारा एकटा बिशप कोशों दात-ओठ खाताना दिसला, तर तेही कच्चे काम. तिला मे 1430 मध्ये काँपियेन्यपाशी पकडले ते बर्गंडीच्या, म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच ड्यूकच्या, बाजूच्या फौजेने. मग दहा हजार लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) घेऊन ती इंग्रजांकडे दिली गेली. न्यायासनावर आणि सल्लागारांत बहुसंख्य फ्रेंच होते, पॅरिस विद्यापीठाचे पंडितही. ‘फ्रेंच विरुद्ध इंग्रज’ एवढीच मांडणी सोपी पडते, पण खोटी ठरते.

आवाजांबद्दल दिग्दर्शकाने कोणतीही बाजू घ्यावी. ती घेतली हे लपवू नये. ल्यूक बेसाँच्या 1999 च्या चित्रपटात बहिणीची हत्या तिच्या डोळ्यांदेखत घडते. या प्रसंगाला आधार नाही, आणि त्याने आवाजांच्या जागी सूड येऊन बसतो. असा प्रसंग थेट तिसऱ्या रकान्यात. तिने स्वतः सांगितले ते असे: वय साधारण तेरा, उन्हाळा, दुपार, वडिलांची बाग, चर्चच्या दिशेने आवाज.

लढाया झटपट उरका. इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआं शहरात ती 29 एप्रिल 1429 ला पोचली आणि वेढा 8 मे ला उठला. एका रात्रीत नव्हे. तोफा दोन्हीकडे होत्या. 7 मे ला तिला मान आणि खांद्याच्या मध्ये बाण लागला. तलवारीने माणसे कापत सुटलेली जोन दिसली, तर तिचे खटल्यातले उत्तर आठवा: तलवारीपेक्षा निशाण चाळीस पटींनी प्रिय, आणि निशाण हाती धरायचे ते कुणाचा जीव घ्यावा लागू नये म्हणून. नटीचे वय मोजत बसू नका. जोन गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पण तिशी उलटलेल्या नटींनीही ही भूमिका पेलली आहे. समोरचे तिच्याशी पोरसवदा खेडवळ मुलीशी बोलावे तसे बोलतात का, एवढे पुरे.

शेवटची पाटी वाचल्याशिवाय उठू नका. ‘ज्या चर्चने जाळले त्यानेच 1920 मध्ये संत केले’ एवढेच लिहिले असेल, तर अर्धा गुण कमी. मधला 1456 चा निकाल त्यात नाही. तिच्या आईच्या, इझाबेलच्या अर्जावरून पोपच्या परवानगीने फेरचौकशी झाली आणि पहिला खटला रद्द ठरला. चित्रपटात दिसणारे बालपण, छावणीतल्या हकिकती, चितेसमोर उंच धरलेला क्रूस, यातले बरेचसे त्या चौकशीतल्या साक्षींतून येते. पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणी त्या, आणि साक्षीदारांपैकी काही जण पहिल्या खटल्यातही बसलेले.