पावसाआधी वाळवीची तयारी

पहिला पाऊस पडायच्या दोन-तीन आठवडे आधी एक सकाळ मोकळी ठेवा. टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर आणि खडू घ्या. औषध आत्ताच आणू नका. बहुतेक जण औषधापासून सुरुवात करतात आणि सिंकखालची गळती तशीच राहते. जमिनीतून येणाऱ्या वाळवीचं अंग इतकं नाजूक असतं की कोरड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून तिला ओल लागते, आणि उघड्यावरून जायचं तर ती मातीची नळी बांधून तिच्या आतून जाते.

आधी बाहेरून फेरी मारा. जोत्याला टेकून ठेवलेल्या फळ्या, खोके, सरपण हलवा आणि कुंड्या भिंतीपासून हातभर लांब सरकवा. माती चढून जोतं झाकलं गेलं असेल, तर ते वीतभर उघडं करा, म्हणजे नळी चढली तर दिसेल. पन्हळीचं आणि एसीच्या नळीचं पाणी भिंतीच्या पायाशी जिरत असेल, तर ते लांब काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

आत आल्यावर न्हाणीघराच्या दाराची चौकट आधी बघा. खालच्या वीतभर भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोखरलेलं लाकूड पोकळ वाजतं. शंका आली तर टोक टेकवून दाबा. आमच्याकडे ते सरळ आत गेलं होतं. बाहेरून तेलरंग तुळतुळीत, आत कागदासारखे पापुद्रे आणि ओलसर माती. मग भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या पाठी, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, पाइप भिंतीत शिरतात तिथल्या फटी.

नळी सापडली की लगेच झाडून टाकू नका. मधला इंचभर तुकडा मोडा, शेजारी खडूने तारीख लिहा आणि चार-पाच दिवसांनी बघा. तुकडा पुन्हा बांधलेला दिसला तर वाळवी चालू आहे. नाही बांधला तरी निर्धास्त होऊ नका, तिने दुसरी वाट धरलेली असू शकते. रॉकेल शिंपडलं तर समोरच्या मरतात, जमिनीतलं वारूळ शाबूत राहतं.

मातीऐवजी फर्निचरखाली रव्यासारख्या कणांची ढिगली दिसली आणि भिंगातून कण सहा कडांचे वाटले, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, त्यामुळे फरशीत औषध भरून उपयोग नाही. उपचार त्या लाकडावरच करावा लागतो.

पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक पकडून बघा. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख लांब. खिडक्या बंद असूनही घरात गळलेल्या पंखांचा सडा पडला, तर वारूळ घरातच असण्याची शक्यता मोठी.

आता पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. औषधाचं नाव विचारा. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला सुगावा लागत नाही आणि ती ते अंगावरून इतरांपर्यंत नेते. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरतात आणि भोकं बुजवतात. विहीर, बोअर, जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे ते त्याला आधीच दाखवा. फिशटँक झाका आणि त्याचा हवेचा पंप बंद ठेवा. नंतर भिंतीलगतची माती बागकामासाठी उकरू नका, नाहीतर औषधाचा पट्टा तिथेच तुटतो.