मामांचा टॅलीचा पीसी: डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी कसं केलं

मामांच्या कृषी सेवा केंद्रातला पीसी २०१९ साली असेंबल करून घेतलेला. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा, म्हणजे विंडोज ११ ला चालणारा. पण बसवणाऱ्याने विंडोज १० लेगसी मोडमध्ये, म्हणजे पीसी सुरू करायच्या जुन्या पद्धतीत, एमबीआर डिस्कवर टाकलं होतं. एमबीआर ही डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. विंडोज ११ ला यूईएफआय, म्हणजे पीसी सुरू करायची नवी पद्धत, लागते, आणि यूईएफआयला बूट डिस्क जीपीटी हवी. "फॉरमॅट मारून देतो," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा मामांचा चेहराच उतरला. सगळ्या शेतकऱ्यांची उधारी त्या टॅलीत. मी म्हटलं, मामा, थांबा, मी करते.

एमबीआरचं जीपीटी करणारं टूल १७०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्येच आहे. बाहेरचं काही डाउनलोड करू नका.

आधी बायोसमध्ये (विंडोज उघडण्याआधीच्या पीसीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन यूईएफआयचा पर्याय आहे याची खात्री करा. तो नसेल तर इथेच थांबा. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, 'डिस्क ०' वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे मास्टर बूट रेकॉर्ड लिहिलेलं असेल तर ती एमबीआर.

खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीत सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धत आहे, आणि त्यातले डी-ई बऱ्याचदा लॉजिकल असतात, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटात पाडलेले; थेट डिस्कवर पाडलेले ते प्रायमरी. या टूलला लॉजिकल पार्टिशन अजिबात चालत नाही, आणि प्रायमरी जास्तीत जास्त तीनच चालतात. त्यामुळे मी डी आणि ई दोन्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केले, सी मधली डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही. नुसतं कॉपी करून भागत नाही. टॅलीचं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर घेऊन दोन खात्यांची बाकी मामांच्या वहीशी ताडून पाहिली, मगच दोन्ही व्हॉल्यूम डिलीट केले. त्यानंतर हिरव्या चौकटीत 'फ्री स्पेस' उरते, तीही डिलीट करा. ती काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' झाली पाहिजे. मी आधी तिथेच अडले होते.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सस्पेंड करा. बाहेरची डिस्क काढून ठेवा. लाइट जायची भीती असेल तर यूपीएसवरच बसा.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कमांड फोनवर सांगते तशी सांगते, टाइप इंग्रजीत करा: एमबीआर, आकडा दोन, जीपीटी, सगळं जोडून. मग जागा, स्लॅश व्हॅलिडेट. जागा, स्लॅश डिस्क कोलन शून्य. जागा, स्लॅश अलाउफुलओएस. यात फक्त तपासणी होते. ती यशस्वी झाली तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून पुन्हा एंटर. आमचं मिनिटाभरात झालं.

आता रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, सीएसएम (लेगसी मोडची सोय) बंद आणि यूईएफआय चालू करा. हे राहिलं तर विंडोज उघडणार नाही. घाबरून फॉरमॅट करू नका, डेटा जागेवरच असतो.

शेवटी रिकाम्या जागेत नवं पार्टिशन करा आणि त्याला डी हेच अक्षर द्या, कारण टॅली डेटा तिथेच शोधते. मग बाहेरच्या डिस्कवरचा डेटा त्यात परत कॉपी करा. बाहेरची प्रत मामांनी पुढचं जीएसटी रिटर्न भरेपर्यंत जपून ठेवली. तुम्हीही महिनाभर ती पुसू नका.