ड्रमवरचं लेबल बदललं, पण हातातल्या बाटलीचं काय?

रसायनांच्या लेबलांची नवी पद्धत आणायची ठरली की बहुतेक ठिकाणी सुरुवात स्टोअरमधल्या ड्रमांपासून होते. ड्रमवर पुरवठादाराचं लेबल असतंच. खरा घात होतो तो ड्रममधून काढून घेतलेल्या, नाव नसलेल्या बाटलीमुळे. म्हणून जीएचएस, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली धोक्यांच्या वर्गीकरणाची पद्धत, लागू करताना शेवटच्या स्प्रे बाटलीपर्यंत जायचंच, हे आधी पक्कं करा.

पहिलं काम म्हणजे रसायनांची यादी. ती खरेदीच्या नोंदींवरून करू नका. कपाटं, सिंकखालची जागा, देखभाल विभागाच्या ट्रॉल्या, सफाईचं साहित्य, सगळं उघडून पाहा. प्रत्येक रसायनाचं नाव, पुरवठादार, तीव्रता आणि ते कोणकोणत्या भांड्यांत आहे, हे लिहा. ओळख न पटणारा द्रव हुंगून ओळखायचा नाही. ‘अज्ञात, वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा आणि तज्ज्ञांमार्फत विल्हेवाट लावा.

आता प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके आणि खबरदारी सांगणारं पत्रक, पुरवठादाराकडून मागवा. तिचे १६ विभाग असतात. लेबलचा मजकूर दुसऱ्या विभागात, हातमोजे-चष्म्याची माहिती आठव्यात. शीटवर ‘आर३४’सारखे आकडे किंवा नारिंगी चौकोनातली चित्रं दिसली तर ती जुन्या युरोपीय पद्धतीची आहे. नवी मागवा. शीटवरची तीव्रता आणि तुमच्या मालाची तीव्रता जुळते का, हेही तपासा.

हे तपासणं किती महत्त्वाचं, ते कॉस्टिक सोड्यावरून कळेल. युरोपीय संघाच्या सीएलपी नियमांत ५ टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावण त्वचा जाळणाऱ्यांच्या सर्वांत कडक उपवर्गात, १एमध्ये, येतं. २ ते ५ टक्क्यांचं १बीमध्ये, तेही जाळणारंच. ०.५ ते २ टक्क्यांचं मात्र त्वचा-डोळ्यांची जळजळ करणाऱ्यांत मोडतं. मूळ ड्रमचं लेबल पातळ द्रावणावर तसंच डकवलं तर कामगार काही दिवसांत लेबलांवर विश्वास ठेवणं सोडतो. उलट चूक झाली तर डोळा जातो. त्यामुळे पातळ केलेल्या प्रत्येक द्रावणाचं वर्गीकरण वेगळं करा आणि लेबलवर टक्केवारी लिहाच.

पुरवठादाराच्या लेबलवर सहा गोष्टी लागतात: नाव, पुरवठादाराचा पत्ता-फोन, लाल चौकटीतली चित्रं, संकेतशब्द (‘डेंजर’ किंवा ‘वॉर्निंग’), धोक्याची विधानं आणि खबरदारीची विधानं. ओतून घेतलेल्या बाटलीवर किती मजकूर हवा, ते स्थानिक कायद्यात पाहा. आमच्या मते नाव, तीव्रता, चित्रं, संकेतशब्द आणि मुख्य धोके यांपेक्षा कमी लिहूच नये. उदाहरणार्थ, ॲसिटोनच्या बाटलीवर ज्वाळा आणि उद्गारचिन्ह ही दोन चित्रं, ‘डेंजर’ हा शब्द आणि तीन विधानं येतील: द्रव व वाफ अत्यंत ज्वलनशील (एच२२५), डोळ्यांची तीव्र जळजळ (एच३१९), गुंगी किंवा चक्कर येऊ शकते (एच३३६). मजकूर कामगार वाचतात त्या भाषेत हवा. नुसते सांकेतिक आकडे त्यांच्या काही कामाचे नाहीत.

छापताना शाई विसरू नका. साध्या मार्करने लिहिलेलं नाव ॲसिटोनचा एक ओघळ पुसून टाकतो. सॉल्व्हंटला टिकणारी शाई आणि प्लॅस्टिकचा लेबल-कागद घ्या, नमुन्यावर तोच द्रव चोळून पाहा. लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात. आकारासाठी सीएलपीचं माप सोयीचं आहे: ३ लिटरपर्यंत शक्यतो ५२ × ७४ मिलिमीटर, ३ ते ५० लिटरपर्यंत किमान ७४ × १०५.

प्रशिक्षणात आकड्यांचा एक घोळ आवर्जून सोडवा. जीएचएसमध्ये श्रेणी १ सर्वांत घातक; एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या रंगीत चौकोनात मात्र ४ सर्वांत घातक. दोन्ही पद्धती एकाच भिंतीवर असतील तर माणूस हमखास चुकतो. शिकवून झाल्यावर सही घेऊन थांबू नका. कामगाराच्या हातात त्याचीच बाटली द्या आणि विचारा: हे डोळ्यात उडालं तर पहिल्यांदा काय करशील?

रिकाम्या भांड्यांवरची लेबलं ती धुऊन स्वच्छ होईपर्यंत काढू नका. रिकाम्या दिसणाऱ्या सॉल्व्हंटच्या ड्रममध्ये वाफ उरलेली असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीला तेवढी पुरते.