फ्लाय रॉडवर पहिला सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) पकडायचाय? फ्लाय, म्हणजे हुकावर बांधलेलं नकली आमिष, त्याच्या डोक्यावर टाकू नका

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला सकाळी उथळ पाण्यात गढूळ ढग उठताना आणि बारीक बुडबुडे येताना दिसले की समजायचं सायप्रिनस तळ उकरतोय, डोकं खाली, शेपूट वर. फ्लाय त्याच्या दोन-तीन फूट पुढे टाका, तळाला बसू द्या आणि तो जवळ आला की जेमतेम इंचभर ओढा, बास. हाताला झटका लागायची वाट बघू नका कारण हा मासा फ्लाय तोंडात ओढून घेतो आणि नको वाटली की लगेच थुंकतो, तेव्हा नजर त्याच्या डोक्यावरच ठेवा, थबकला की दुसऱ्या हाताने लाइन खेचून हुक बसवा, रॉड वर उचलू नका. तो फ्लायकडे वळताना दिसतो ना, तेव्हा हात थरथरतातच! सात-आठ वेटचा रॉड पुरतो (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा नंबर), ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, मात्र फार घट्ट नको, पहिली धाव जबरदस्त असते.