हातघाईची कुकरी कशी पारखावी

कुकरी किंवा खुकरी, म्हणजे नेपाळचा बाकदार सुरा, घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा दुकानातली सगळ्यात मोठी, जाड पाठीची कुकरी उचलतो. लाकूड फोडायचं असेल तर ती ठीक आहे. पण लढाई हातघाईवर आल्यावर उपयोगी पडावी म्हणून जे हत्यार घडलं, त्याची पारख वजनापासून आणि तोलापासून करावी लागते. चकाकी, कोरीव म्यान, पितळी सिंहाची मूठ या गोष्टी शेवटी पाहाव्यात, किंवा पाहूच नयेत.

कुकरीचं सगळं बळ तिच्या बाकात आहे. मुठीपासून निघालेलं पातं थोडं सरळ जाऊन धारेच्या बाजूला खाली वळतं आणि तिथेच त्याचं पोट सगळ्यात रुंद होतं. त्यामुळे वजन पुढे जातं आणि धार मनगटाच्या रेषेपुढे झुकते. हात पूर्ण न उगारताही घाव खोल बसतो. अडचणीच्या जागेत, खंदकात किंवा झाडोऱ्यात लांब तलवार फिरवता येत नाही. तिथे हा घाट कामी येतो. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात कंपनीच्या फौजेची गाठ याच पात्याशी पडली आणि पुढे ते तिच्याच गोरखा पलटणींच्या कमरेला आलं. पण पुढे गेलेलं वजन घाव बसल्यावर किंवा हुकल्यावर हाताला परत खेचावं लागतं. तिथे जड कुकरी नडते. पाऊण किलोचं पातं एकदा हुकलं की ते थांबवायला अख्खा खांदा लागतो आणि तेवढा वेळ अंग उघडं पडतं.

म्हणून हातघाईसाठी पातं साधारण १० ते साडेदहा इंचांचं आणि म्यानाशिवाय एकूण वजन ४०० ते ६०० ग्रॅम ठेवावं. ब्रिटिश सैन्यातल्या गोरखा जवानाला दोन कुकऱ्या मिळतात, एक संचलनाची आणि एक सरावाची. अंगावर रोज वागवायची कुकरी याच मापाच्या आसपास असते. १२ इंचांच्या पुढचं पातं बळीच्या किंवा जंगलतोडीच्या कामाचं समजावं. दुकानदाराने सांगितलेल्या लांबीत मूठ धरली आहे का, आणि माप सरळ रेषेत घेतलं की बाकावरून, हे विचारावं. यातच एक-दीड इंचाचा फरक पडतो.

नेपाळात घाटांना नावं आहेत आणि ती माहीत असली की दुकानातलं बोलणं सोपं होतं. सिरुपाते म्हणजे सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी निमुळती, पोट कमी, हलकी, हाताला चपळ. भोजपुरे म्हणजे रुंद पोटाची, भारी. आंगखोला म्हणजे जाड पाठीची, पाठीलगत रुंद खोलगट पन्हळ असलेली. ती झाडं तोडायला उत्तम. चिरा घाटात पात्यावर लांब पन्हळी असतात. त्यांनी वजन कमी होतं आणि ताठरपणा टिकतो. धनकुटे घाटाची ओळख नक्षीदार म्यानावरून होते, ती भिंतीवर शोभते. हातघाईसाठी निवड सिरुपाते आणि सैनिकी घाट, म्हणजे गोरखा जवानांच्या कुकरीचा घाट, यांतच करावी. आमचं मत सैनिकी घाटाकडे झुकतं. सिरुपाते झपकन फिरते, पण तिच्या अरुंद पोटात वजन कमी असल्याने जाड कपड्यावर किंवा चामड्यावर घाव उथळ बसतो. सैनिकी घाटात पोट जरा भरलेलं असतं आणि तरी हात लवकर परत येतो. दुसऱ्या महायुद्धातला एम-४३ नावाने ओळखला जाणारा घाटही लोकांना फार आवडतो. तो दणकट आहे, पण त्याच्या रुंद पोटामुळे वजन चढतं. घ्यायचाच असेल तर ६५० ग्रॅमच्या आत बसणारी प्रत शोधावी.

वजन आणि लांबी जमली की तोल पाहावा. पातं आडवं करून पाठ खाली ठेवावी आणि तर्जनीवर तोलावं. मुठीच्या धातूच्या कड्यापासून दीड ते अडीच इंच पुढे तोल साधला तर कुकरी चालेल. तीन इंचांच्या पुढे गेला तर ती कुऱ्हाडीसारखी वागणार. त्यानंतर पाठीची जाडी पाहावी. कड्याजवळ ७ ते ९ मिलिमीटर आणि टोकाकडे जाताना सारखी कमी होत ३-४ मिलिमीटरवर यायला हवी. पातं एकाच जाडीचं टोकापर्यंत गेलं असेल, तर ते पत्र्यातून कापून फक्त घासलेलं आहे, ठोकून घडवलेलं नाही. बाजारातल्या शोभेच्या कुकऱ्या अशाच असतात.

पोलादाबद्दल दुकानदार बरंच काही सांगतात. नेपाळातले कामी, म्हणजे तिथले लोहार, ट्रक आणि जीपच्या कमानीचा पाटा वापरतात. स्प्रिंगचं ते पोलाद ५१६० या प्रतीचं किंवा त्याच्या जवळचं असतं. कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि थोडं क्रोमियम. ते गंजतं, पण तुटत नाही, आणि हातघाईच्या हत्याराला हाच गुण हवा. स्टेनलेस स्टीलची स्वस्त कुकरी गंजत नाही, पण तिची धार बहुधा मऊ असते किंवा पातं ठिसूळ असतं. ती घेऊ नये.

पोलादापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्याला पाणी कसं दिलं आहे. चांगला कामी लाल तापवलेल्या पात्यावर किटलीच्या तोटीतून फक्त धारेच्या कडेने पाणी सोडतो. पोट सगळ्यात कडक होतं, टोक त्याहून थोडं नरम, मुठीकडचा भाग आणखी नरम, आणि पाठ तर मऊच राहते. धार रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५५ ते ५८ अंशांदरम्यान असली की पुरे. पाठ मऊ असल्याने घाव बसल्याचा धक्का ती पचवते. अख्खं पातं एकदम पाण्यात बुडवलं तर धार कडक होते, पण पाठही कडक होऊन बाकाजवळ चीर जाते.

हे दुकानात तपासता येतं. बारीक कानस घेऊन जावी आणि मालकाची परवानगी घेऊन पोटावरच्या धारेलगत हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पाणी बरोबर बसलं आहे. तिने कीस काढला तर पोलाद कच्चं आहे. मग तीच कानस पाठीवर फिरवावी, तिथे तिने चावायला हवं. दोन्हीकडे सारखी घसरली तर कुकरी बाजूला ठेवावी, ती केव्हातरी तुटणार. दुसरी तपासणी पितळी दांडीची. बोटाएवढ्या जाड दांडीवर धार अंदाजे २० अंशांत टेकवून दाबावी. धार किंचित वाकून पुन्हा सरळ झाली तर ठीक. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर ठिसूळ.

मुठीपाशी धारेवर एक खाच असते. तिला कौडी किंवा चो म्हणतात. गाईचं खूर, त्रिशूळ, रक्त ओघळून मुठीवर न येण्याची सोय, असे तिचे अनेक अर्थ सांगतात. घेणाऱ्याने मात्र तिच्या कोपऱ्यांकडे पाहावं. खाचेचे कोपरे गोलसर आणि गुळगुळीत हवेत. कानसीने घाईघाईत कापलेल्या टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. भिंगाखाली तिथे केसाएवढी रेघ दिसली तरी ती कुकरी घेऊ नये. आणि कुकरी बाहेर काढली की रक्त चाखवल्याशिवाय म्यान करायची नाही, ही गोष्ट खोटी आहे. डोंगरातल्या घरोघरी दिवसभर तिनेच लाकूड आणि भाजी कापली जाते.

हातघाईत कुकरी दगा देते ती बहुधा मुठीतून. दोन प्रकारच्या बांधण्या असतात. एकीत पात्याचं शेपूट अरुंद होऊन मुठीच्या आत जातं आणि शेवटी मुठीच्या टोकावरच्या धातूच्या टोपीबाहेर ठोकून बसवतात. दुसऱ्या, पानावल नावाच्या बांधणीत पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीने आरपार जातं आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या रिव्हेटने बसवतात. पानावल जड पण भरवशाची. अरुंद शेपटाची हलकी आणि हाताला कमी झिणझिण्या आणणारी, पण शेपूट टोपीपर्यंत पोहोचलंच नसेल तर मूठ फुटून हातात राहते. टोपीच्या मधोमध ठोकलेल्या पोलादाचा ठिपका किंवा चौकोनी तुकडा दिसायला हवा. दिसला नाही तर विचारावं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जावं. मग पातं कपड्यात धरून मूठ पिळावी, कानाशी धरून हलवावी. खडखड किंवा किंचितही हालचाल नको. मूठ आणि शेपूट लाखेसारख्या पारंपरिक डिंकाने जोडलेली असते आणि तो उष्णतेने मऊ होतो. विदर्भाच्या मे महिन्यात बंद गाडीत कुकरी ठेवली तर मूठ हलू लागण्याचं कारण हेच.

मुठीसाठी शिसवी किंवा तत्सम घट्ट लाकूड घ्यावं. म्हशीचं शिंग दिसायला सुंदर असतं, पण कोरड्या हवेत आकसतं, तडकतं आणि त्याला कीड लागते. ओल्या हाताला ते निसटतंही. मुठीच्या मधलं उंच कडं बोटांच्या मध्ये नीट बसलं पाहिजे. नेपाळी माप बऱ्याचदा लहान हातांचं असतं. चार बोटं आत बसून करंगळीच्या बाजूला टोपीचा रुंद फुगवटा हाताला अडला, तर मूठ योग्य. करंगळी फुगवट्यावर चढत असेल तर दहा मिनिटांत फोड येतील आणि जोराच्या घावाला पकड सुटेल. मोठ्या हाताच्या माणसाने ५ इंचांची मूठ मागून घ्यावी. पंचाईत नको म्हणून ती सांगूनच बनवून घेतली तरी चालेल. पूर्व नेपाळातल्या धरान आणि भोजपूर इथल्या कामींकडे मापाने काम होतं.

म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या आणि वरून म्हशीचं चामडं. त्याचं तोंड पात्याला घट्ट बसलं पाहिजे. उलटं धरलं तर कुकरी स्वतःहून घसरू नये, पण बाहेर काढायला दोन्ही हातांची ओढाताणही नको. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने म्यान धरताना बोटं फक्त पाठीच्या बाजूला ठेवावीत. धारेच्या बाजूला बोटं गुंडाळून ओढली, तर जुन्या म्यानाची शिवण फाडून धार थेट बोटांपर्यंत येते. हा अपघात नवख्यांना नेहमी होतो आणि खोल होतो. म्यानात दोन छोटी पाती असतात. कर्द हा बारीक कामाचा चाकू आणि चकमक ही धार ओढून घ्यायची बोथट पट्टी. चकमक कडक हवी. कानस तिच्यावरही फिरवून पाहावी; ती मऊ असेल तर तिचा काही उपयोग नाही.

धार आणताना वाकलेल्या पात्यावर सपाट दगड चालत नाही. गोलसर दगड किंवा दांडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर, आधी ४०० नंबरचा आणि मग ८०० चा, पोटापासून टोकाकडे एकाच दिशेने फिरवावा. कोन दोन्ही बाजूंना साधारण २० ते २५ अंश. त्याहून बारीक केली तर हाडावर किंवा लोखंडावर आपटून कपचे उडतात. कोकणात पावसाळ्यात पातं म्यानात ठेवून विसरू नये. चामड्याचा ओलावा एका रात्रीत लाल डाग आणतो. पुसून, मशीन ऑइल किंवा मोहरीचं तेल लावून, कपड्यात गुंडाळून म्यानाबाहेर ठेवावं.

खरेदीआधी कायद्याचं माप लक्षात ठेवावं. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकू-सुऱ्या शस्त्रांच्या वर्ग ५ मध्ये येतात आणि खुकरीचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ नुसार अधिसूचित भागात अशा हत्याराला परवाना लागतो. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली बंदी आदेश असताना हत्यार घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे, आणि असे आदेश वरचेवर निघतात. ९ इंचांपर्यंतची, २ इंचांहून कमी रुंद कुकरी घेतली तर वर्ग ५ टळतो, पण बंदी आदेश तिलाही लागू राहतो. गंगटोक, दार्जिलिंग किंवा डेहराडूनहून आणताना बिल जपून ठेवावं, रेल्वेत पेटीत कुलूपबंद ठेवावी आणि विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात देण्याआधी विमान कंपनीला विचारावं.